शिलेदार आणि बारगीर

गेल्या आषाढांत एका रात्रीं आमच्या घरांतील साखर संपली. अगदींच संपली नव्हती. परंतु सकाळच्या चहापुरती उरेल कीं नाहीं, असा प्रश्न आमच्या कुटुंबानें उपस्थित केला, आणि बाहेर पाऊस कोसळत असल्यामुळें आम्हीं आमच्या नेहमींच्या शौर्यास अनुसरून छत्रीऐवजीं मोबाइल उचलला. पंचवीसएक मिनिटांनीं दार वाजलें. नखशिखांत भिजलेला एक तरुण उभा होता. त्यानें पुडकें पुढें केलें, आमच्याकडे निरखून पाहिलें आणि वांकून नमस्कार केला. "सर, ओळखलंत का? दुसऱ्या वर्षाला तुम्हीच आम्हाला घसारा शिकवला होता."

यंत्र वापरल्यानें झिजतें. त्या झिजेची किंमत दरसाल हिशेबांत धरली नाहीं, तर कागदावर नफा दिसतो आणि प्रत्यक्षांत भांडवल खाल्लें जातें. घसाऱ्याचें सार एवढेंच. तें आम्ही पंचवीस वर्षें फळ्यावर लिहीत आलों आहों. त्याचा अनुभव मात्र आम्हांस कधीं आला नाहीं. आमचें यंत्र म्हणजे खडू, आणि तो कॉलेज पुरवितें.

त्यास आग्रह करून आंत बसविलें व त्यानेंच आणलेल्या साखरेचा चहा दिला. दहा मिनिटें मोबाइल बंद ठेवून त्यानें प्लॅस्टिकच्या पिशवींतून एक लहानशी वही काढली. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी; हिशेब लिहिण्याची संवय मोडली नव्हती. पूर्वीं दर पुडक्यामागें ठरलेली रक्कम मिळे, पावसाचे जास्त पैसे मिळत, आणि आठवड्याची ठराविक संख्या भरली कीं बक्षीस मिळे. मग रक्कम अंतरावर ठरूं लागली; मग बक्षिसाची संख्या वाढली; मग बक्षिसाचे तास बदलले. हे बदल सांगतो कोण, असें आम्हीं विचारलें. "सांगत कोणी नाही, सर. सकाळी मोबाइलवर दिसतं."

वहींतील उजवें पान आम्हीं पुनःपुन्हां वाचलें. पंक्चर 100. ऑइल 450. ब्रेक-लायनर 300. चेन-स्प्रॉकेट 1,400. मागचें टायर 2,100. रोजचा फेरा शंभर-सव्वाशें किलोमीटरांचा. महिन्याची मिळकत 21,000 च्या आसपास. पेट्रोलाचे 5,900 आणि गाडीच्या हप्त्याचे 3,100 वजा जातां 12,000 उरतात, व घरीं आई त्यांनाच पगार समजते. उजव्या पानाचा खर्च त्या बारा हजारांतूनच निघतो. "हप्ता संपेल तेव्हां गाडीपण संपलेली असेल, सर," तो हंसत म्हणाला. आम्हांला हंसूं आलें नाहीं. तो जें घरीं नेत होता, त्यांत त्याची गाडीच थोडीथोडी विकली जात होती. आणि ती विकत घेणारांत, पोंचविण्याचा आकार माफ झाला म्हणून संतोष पावलेले आम्हीही होतों.

चार महिन्यांपूर्वीं तो एका खड्ड्यांत पडला. कंपनीचा विमा होता. परंतु पुडकें पोंचवून तो परतत होता व नवें काम घेतलेलें नव्हतें, सबब तो अपघात कामावरचा नव्हे, असें उत्तर आलें. हात महिन्याभरांत सांधला. गाडी नऊ दिवस गॅरेजांत होती. तिचें बिल दवाखान्यापेक्षां मोठें झालें.

तो गेल्यावर आमच्या मनांत जुन्या मराठी फौजेंतील दोन नांवें घोळूं लागलीं. शिलेदार तो, जो स्वतःचें घोडें व स्वतःचीं हत्यारें घेऊन चाकरीस येई. बारगीर तो, जो सरकारच्या घोड्यावर बसे. मान शिलेदाराचा, वेतनही त्याचें अधिक; कां कीं घोड्याची चंदी, नाल आणि मरण हीं सारीं त्याच्याच माथीं. बारगिरांची व्यवस्था सभासदाच्या बखरींत आहे: पंचवीस स्वारांमागें एक पखालजी आणि एक नालबंद. आमच्या विद्यार्थ्यास कंपनी 'पार्टनर' म्हणते. त्याला शिलेदाराचें घोडें मिळालें, पण शिलेदाराचें वेतन तेवढें मिळालें नाहीं. आणि नालबंदाचें बिल त्याचें त्यानेंच भरावयाचें.

नालबंदाचा विचार सरकारनें अगदींच सोडलेला नाहीं. टपालखात्याच्या पोस्टमनला सायकलीच्या देखभालीसाठीं भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानें तो रद्द करावा असें सुचविलें होतें. सरकारनें 2017 सालीं तो राखला, इतकेंच नव्हे तर दरमहा 90 रुपयांचा 180 केला. रक्कम क्षुल्लक खरी. पण चाक झिजतें तें खात्याच्या कामासाठीं, ही कबुली तींत आहे.

अमेरिकेंतील यूपीएस ही कंपनी अजून बारगिरांची आहे. गाडी कंपनीची, दुरुस्ती कंपनीची. तेथील सुमारें 3,40,000 कामगारांच्या वतीनें टीमस्टर्स संघटनेनें 2023 सालीं पांच वर्षांचा करार केला. अर्धवेळ कामगारासही तासाला किमान 21 डॉलर मिळूं लागले, आणि 1 जानेवारी 2024 नंतर विकत घेतलेल्या पोंचवणीच्या गाड्यांत गारव्याचें यंत्र बसवावें असें ठरलें. बारगीर महाग पडतो, हेंही लपविण्यांत अर्थ नाहीं. 2024 च्या आरंभीं कंपनीनें 12,000 जागा कमी करण्याचें जाहीर केलें, व 2025 मध्यें आणखी 20,000. तरी तिचा चालक चेनची किंमत वहींत लिहीत बसत नाहीं.

आपल्याकडे सामाजिक सुरक्षा संहिता 2020 सालीं संमत झाली आणि 21 नोव्हेंबर 2025 रोजीं अंमलांत आली. अशा कंपन्यांनीं वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम, मात्र कामगारांस दिलेल्या रकमेच्या पांच टक्क्यांहून जास्त नाहीं, कल्याणनिधींत भरावयाची आहे. विमा, आरोग्य, म्हातारपण यांचा विचार तींत आहे. तो फार उशिरां झाला, तरी झाला, हें आम्ही मान्य करितों. परंतु घसारा तींत नाहीं. आमच्या विद्यार्थ्याच्या वहीचें डावें पान कायद्यानें वाचलें. उजवें अद्याप कोणीं उघडलेलें नाहीं.

त्या रात्रीं निघतांना त्यानें रेनकोटाचीं बटणें लाविलीं, दोनतीन किका मारून गाडी चालू केली, आणि थोडा घुटमळला. "सर, एक विनंती होती. मोबाइलवर पांच तारे द्याल ना? चार मिळाले तर उद्यां कामं कमी येतात." आम्हीं त्याच्यादेखत पांच तारे दिले. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेंत आम्हीं त्याला 100 पैकीं 48 गुण दिले होते. घसाऱ्याचें उदाहरण त्याचें चुकलें होतें.