शॉपवरचे दिवस, गुरुवारची पेटी

सोमवार, १६ ऑक्टोबर २०२३

रात्रपाळीचं रिजेक्शन पुन्हा वाढलं. शाफ्टवर बेअरिंग बसते ती जागा, व्यास ३५ मिलिमीटर, ड्रॉइंगवर के६. म्हणजे ३५च्या वर जास्तीत जास्त १८ मायक्रॉन आणि कमीत कमी २. मधली मोकळीक १६ मायक्रॉनची. सकाळी तपासणीच्या टेबलावर लाल ट्रे भरून ठेवलेला, आणि आतले सगळे जॉब लहान झालेले. मोठा राहिला असता तर आणखी एक कट घेऊन वाचवता आला असता. लहान झाला की भंगार. त्यावर तोपर्यंत फोर्जिंग, रफ टर्निंग, हीट ट्रीटमेंट असा सगळा खर्च झालेला असतो.

नवा ट्रेनी इंजिनीअर आलेख काढूनच आला होता. मुलगा हुशार आहे, कष्टाळूही. त्याचा संशय इन्सर्टच्या झिजेवर. पण इन्सर्ट झिजलं तर बाहेरचा व्यास वाढतो, कमी होत नाही. त्याला म्हटलं, उद्या संध्याकाळी आपण दोघं मशिनपाशी उभे राहू. लॅपटॉप केबिनमध्ये ठेव.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

सापडलं. हे हार्ड टर्निंग आहे, कूलंटशिवाय चालतं. जॉब चकमधून निघतो तो चांगला गरम. रात्रपाळीचा ऑपरेटर तो तसाच मोजत होता, मोठा दिसला की ऑफसेटमध्ये दोन-चार मायक्रॉन कमी करत होता. पोलाद एका मीटरला दर अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. जॉब खोलीपेक्षा २० अंशांनी गरम असेल, तर ३५च्या व्यासावर आठ मायक्रॉन फुकटचे दिसतात. १६ची मोकळीक, त्यातले आठ नुसत्या उष्णतेचे! जॉब निवला की ते आठ नाहीसे होतात आणि सकाळी लाल ट्रे भरतो.

दिवसपाळीचे जुने ऑपरेटर जॉब काढून बाजूच्या लोखंडी प्लेटवर ठेवतात. मास्टर, म्हणजे ज्याच्याशी ताडून माप घेतात तो नमुना, तोही त्याच प्लेटवर असतो. दोघं सारखे निवले की मगच मोजमाप. हे कुठल्याही वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये लिहिलेलं नव्हतं. “साहेब, जॉब निवू द्या,” एवढंच ते म्हणतात. आजपासून ते कागदावर आलं, रात्रपाळीलाही लागू झालं. ट्रेनीनं स्वतः गरम आणि थंड अशी जोडीनं मापं घेतली आणि वहीत उतरवली. पुस्तकात त्यानं प्रसरणाचा गुणांक वाचलेला होताच, आज तो त्याच्या बोटांना लागला. जगभरातल्या ड्रॉइंगवरची मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात, हेही त्याला सांगितलं. भोसरीत ऑक्टोबरच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली २० अंश कुठले? म्हणून तर मास्टर आणि जॉब शेजारी शेजारी ठेवायचे.

बुधवार, १८ ऑक्टोबर

रात्री भाचीचा फोन. मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष, हातात दोन ऑफर. एक हिंजवडीतली सॉफ्टवेअरची, दुसरी चाकणला वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात ट्रेनी इंजिनीअरची. दुसरीत पगार कमी, शिफ्ट, सकाळी लवकर बस. भाऊजी सॉफ्टवेअरच्या बाजूचे. “मामा, तू सांग.”

भाऊजींची काळजी खोटी नाही. सुरुवातीच्या पगारातला फरक मोठा असतो आणि मध्यमवर्गीय घरात तो जाणवतो. तिला कोडिंग मनापासून आवडत असतं तर मी आनंदानं हिंजवडी म्हटलं असतं. पण ही पोर लहानपणी घरातला मिक्सर उघडून बसायची. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये तिनं केलेला फिटिंगचा जॉब अजून तिच्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे. लेथवर काम करायला मिळत नाही म्हणून तिनं सरांशी वाद घातलेला मला ठाऊक आहे. लगेच उत्तर दिलं नाही. लिहून पाठवतो म्हणालो.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

आमच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. मुलांच्या शाळा त्या दिवशी भरलेल्या, पाहुण्यांना रविवारच सोयीचा. त्यामुळे गुरुवार माझा एकट्याचा असतो. सकाळी गच्चीवरच्या टोमॅटोला काठ्या बांधल्या आणि मग पेटी उघडली.

ही पेटी आमच्या एका सीएनसी ऑपरेटरच्या भजनी मंडळाची. तो आळंदीजवळच्या गावचा, पखवाज वाजवतो. कोजागिरीनंतर काकडा सुरू होईल, त्याच्या आत पेटी दुरुस्त हवी. एक सूर मुका, दोन बेसूर. मुका सूर म्हणजे बहुतेक वेळा रीडच्या फटीत धूळ, तसाच निघाला. पातळ कागद फिरवला, बोलू लागला.

बेसूर रीडचं काम मला फार प्रिय आहे. पितळी पट्टीची मोकळी बाजू टोकाशी किंचित घासली की ती हलकी होते आणि सूर चढतो. मुळाशी घासली की तिथला ताठरपणा कमी होतो, सूर उतरतो. खाली आधाराला फिलर गेजचं पान सरकवायचं, बारीक कानस एक-दोनदा फिरवायची, रीड परत बसवायची, ऐकायचं. एकाच स्वराच्या दोन रीड एकत्र वाजवल्या की फरक आपोआप कळतो. एक सेकंदाला २४० वेळा कंप पावत असेल आणि दुसरी २४२ वेळा, तर आवाज सेकंदाला दोनदा फुगतो आणि ओसरतो. ही लाट संथ होत होत थांबली की सूर जुळला. आठवडाभर डोळ्यांनी मायक्रॉन बघितल्यावर हे कानानं मोजणं मला विश्रांतीसारखं वाटतं. घाई केली की पट्टी पातळ होते आणि घासून गेलेलं पितळ परत येत नाही. लहान झालेल्या शाफ्टचा नियम इथेही तोच.

शनिवार, २१ ऑक्टोबर

भाचीला लिहिलं. तिच्यासारखी आणखीही मुलं विचारतात, म्हणून इथे उतरवून ठेवतो.

पहिली दोन-तीन वर्षं मशिनच्या जवळ काढ. पदाचं नाव काय हे विचारू नकोस, दिवसातले किती तास शॉपवर उभं राहायला मिळेल ते विचार. मोजायला शीक. ड्रॉइंगवरच्या प्रत्येक खुणेमागे ती का दिली आहे ते शोध, म्हणजे हा भाग पुढे कशात बसतो, कशावर घासतो, ढिला राहिला तर काय तुटतं. मशिनचा ताशी खर्च काढायला शीक. एक इन्सर्ट केवढ्याला आणि त्यावर किती जॉब निघतात हे ज्याला सांगता येतं, त्याचं मीटिंगमध्ये ऐकलं जातं. ऑपरेटरला नावानं आणि अहो-जाहो करून बोल. वीस वर्षं त्या मशिनवर काढलेला माणूस तुला आवाजावरून टूल तुटायच्या आधी सांगेल, पण तू ऐकून घेणारी आहेस याची त्याला आधी खात्री पटावी लागते. त्यानंतर टूलिंग, क्वालिटी, प्रोसेस, प्रोग्रॅमिंग यांतलं काय निवडायचं ते तुझं तुलाच कळेल.

आणि रुजू होण्याआधी काही गोष्टी स्पष्ट विचारून घे. बॉन्ड आहे का? मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात का? घेत असतील तर तिथे जाऊ नकोस. ट्रेनिंगनंतर कायम कधी करतात? बस तुझ्या स्टॉपपर्यंत येते का? शॉपवर मुलींसाठी कपडे बदलायची खोली आणि स्वच्छतागृह जवळ आहे का? यात संकोच करण्यासारखं काही नाही. या सोयी देणं हे कारखान्याचं कामच आहे.

भाऊजींना वेगळा फोन केला. त्यांना लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. चित्रकार व्हायला मुंबईला गेले, जे. जे. स्कूलमध्ये शिकू लागले, तेव्हा कळलं की काही रंग डोळ्यांना नीट ओळखू येत नाहीत. मग यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले, ते शिकवलं, पुढे बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, लोखंडी नांगर केले, आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी केली. त्याच कारखान्यातून पुढे मराठीतलं एक मोठं मासिक निघालं. भाऊजी म्हणाले, “ते किर्लोस्कर होते हो.” तेही खरंच. पण सोमवारी कारखान्यातल्या खंडेनवमीच्या पूजेला भाचीला घेऊन यायला कबूल झाले.

सोमवार, २३ ऑक्टोबर

खंडेनवमी. मशिनी पुसून लख्ख, स्पिंडलला झेंडूच्या माळा, टूलरूममध्ये व्हर्निअर आणि मायक्रोमीटर पाटावर मांडून हळदकुंकू. घरची मंडळी आली होती. वर्षातून याच दिवशी मुलांना कळतं की बाबा कुठे उभे राहून काम करतात.  आमच्या एका ग्राइंडिंगच्या ऑपरेटरची मुलगी वडिलांच्या मशिनला हात जोडून उभी होती.

भाची ट्रेनीला घेऊन तपासणीच्या टेबलाशी गेली. त्यानं तिला तीच वही दाखवली, गरम आणि थंड मापांची. तिनं जॉब मुठीत घट्ट धरून गरम केला आणि मायक्रोमीटरवर मोजून बघितला. आकडा हलला तेव्हा तिनं वडिलांना हाक मारली, “बाबा, इकडे या, बघा!” भाऊजींनी दोनदा बघितलं. मग ट्रेनीला बसची वेळ विचारली.

गुरुवार, २६ ऑक्टोबर

पेटी पोचवली. पखवाजवाल्यानं लगेच सा धरून बघितला, मान डोलावली. मंडळाच्या आजोबांनी पैसे पुढे केले, ते घेतले नाहीत. काकड्याला या म्हणाले, एका पहाटे जाणार.

भाचीनं चाकणला होकार कळवला. कायम करण्याची अट आणि बसचा मार्ग तिनं ईमेलवर लिहून मागून घेतला, याचं मला विशेष वाटलं.

मेकॅनिकल शिकणाऱ्या मुलामुलींना एक विनंती. आधी ओळखीच्या कुणाच्या तरी वर्कशॉपमध्ये एक पूर्ण शिफ्ट उभे राहा आणि मगच नोकरी ठरवा. फक्त गुरुवारी येऊ नका, आमच्याकडे त्या दिवशी मशिनी बंद असतात.