आमचे जड भिंग

गेल्या वर्षीच्या अंकातील क्रीडास्पर्धांची छायाचित्रे वाचकांच्या स्मरणात असतीलच. मैदान विस्तीर्ण, आकाश त्याहून विस्तीर्ण, आणि मध्ये कोठेतरी मुंग्यांएवढे खेळाडू! 'ह्यात आमची मुलगी कोणती?' असे एका मातोश्रींनी आम्हांस विचारले, तेव्हा आम्ही एका मुंगीवर बोट ठेवले. ती दुसऱ्या शाळेची निघाली. ती छायाचित्रे आमच्याच मोबाइलवर आम्हीच घेतली होती, हे येथे कबूल केले पाहिजे.

यंदा आमच्या एका माजी विद्यार्थ्याला आमची दया आली. त्याने आपला कॅमेरा आणि टेलिफोटो झूम लेन्स महिनाभर वापरावयास दिली. दीडशेपासून सहाशे मिलिमीटरपर्यंत लांबणारे हे भिंग वजनाने सुमारे दोन किलो भरते. दोन किलो म्हणजे काय, असे बाजारात कांदे घेताना कोणाला वाटत नाही; पण तेच कांदे डोळ्यासमोर धरून दहा मिनिटे उभे राहून पाहावे! पहिल्या दिवशी आमचा डावा हात असा थरथरू लागला की, चित्रांत मैदानाला भूकंपाचे धक्के बसत असल्याचा भास होई.

हैदराबादच्या माणसाने वजनाची तक्रार करू नये, हे खरे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या काळी लाकडी कॅमेरा, तिपाई आणि काचेच्या पट्ट्या असा संसार बरोबर न्यावा लागे. तथापि त्यांच्यासमोरची मंडळी स्तब्ध बसत. आमच्या नशिबी खो-खो होता.

मलकपेठेतील एका मैदानावर पहिला सामना झाला. आम्ही तीनशे छायाचित्रे काढली. त्यांत नुसता खांब होता, उडालेली धूळ होती, अर्धी पाठ होती, आणि एका चित्रात केवळ एक वेणी होती. याचे कारण पुढे उमगले. भिंग सहाशेवर नेले म्हणजे तीस मीटरवरचा जेमतेम पावणेदोन मीटर रुंदीचा तुकडा दिसतो. दीडशेवर आणले तर सुमारे सात मीटर. जितके जवळ पाहावे तितके थोडे दिसावे, असा हा व्यवहार आहे. सेकंदाला सात मीटर धावणारी मुलगी तो लहान तुकडा पाव सेकंदात ओलांडून जाते. शटरची गती सेकंदाचा साठावा भाग ठेवली, तर तेवढ्यात ती अर्धी वीत तरी पुढे सरकते व चित्र पुसट होते. हजारावा भाग ठेवली, तर ती केवळ सात मिलिमीटर सरकते व चित्र स्वच्छ येते. पण आधी मुलगी चौकटीत सापडली पाहिजे ना!

मलकपेठेत राहून धावत्या वस्तूंचा विचार करावा आणि रेसकोर्सची आठवण होऊ नये, हे शक्य नाही. 1886 साली त्याच निजामांच्या कारकिर्दीत घोड्यांच्या शर्यती मौला अलीहून मलकपेठेत आल्या. त्यापूर्वी आठच वर्षे, 1878 साली, तिकडे कॅलिफोर्नियात मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने एका धावत्या घोडीची चित्रे घेतली होती. जुने चित्रकार भरधाव घोडा काढताना त्याचे पुढचे पाय पुढे व मागचे मागे ताणून त्याला हवेत तरंगवीत. मायब्रिजच्या चित्रांत दिसले ते वेगळेच. चारही खूर अधांतरी होतात खरे. पण ते पाय पोटाखाली जवळ आलेले असतात तेव्हा! आम्हांला मात्र त्याच्या रीतीचे अधिक कौतुक वाटते. तो घोडीमागे धावला नाही. तिच्या वाटेवर त्याने बारा कॅमेरे ओळीने मांडले व आडवे दोरे बांधले. घोडी आली, दोरे तुटले, चित्रे निघाली. ती कोठून जाणार, हे त्याला आधी ठाऊक होते.

आमच्या गावी, समुद्राकाठी, फेकजाळ्याला पागेर म्हणतात. पागेर टाकणारा माणूस मासा दिसला तेथे जाळे टाकीत नाही. मासा जेथे जाणार तेथे टाकतो. लहानपणी हे शेकडो वेळा पाहिले असूनही ते कॅमेऱ्यापाशी आठवण्यास आम्हांस मायब्रिज लागावा, ह्याला शिक्षण म्हणावे की काय?

सरावासाठी कोणी रेसकोर्स सुचविले. पण शिक्षकाने खांद्यावर नळकांडे घेऊन तिकडे जावे, हे पालकांस कसे समजावून सांगणार? आम्ही गच्ची पसंत केली. घिरट्या घालणाऱ्या घारींवर आठ दिवस हात बसविला. डावा तळवा भिंगाखाली, कोपरे बरगड्यांना टेकलेली, आणि वळायचे ते कमरेतून. भिंगाच्या पट्ट्याला एका पायाची काठी जोडली, तेव्हा वजनही जमिनीने वाटून घेतले. मग खो-खोचे नियम पुन्हा वाचले. पाठलाग करणाऱ्या खेळाडूला एकदा धरलेली दिशा खांब गाठेपर्यंत बदलता येत नाही. म्हणजे ती खांबाकडेच येणार! अंतिम सामन्याच्या दिवशी आम्ही खांबावर नजर ठेवून बसलो.

डावाचे अखेरचे क्षण होते. आमच्या शाळेची सातवीतील एक मुलगी खांबाकडे झेपावली. पळणारी वळसा घालून निसटत होती. हिने अंग झोकून सूर मारला. बोटे आणि ती टाच यांत चार अंगुळांचे अंतर राहिले, आणि शिटी झाली. आपण एका गुणाने हरलो.

आमचे चित्र मात्र साधले होते. ताणलेली बोटे, निसटती टाच, उडालेल्या धुळीचा कण न् कण! अंकाच्या मुखपृष्ठासाठी ते सर्वांनी पसंत केले.

रात्री सगळी चित्रे ओळीने पाहताना आमचा आनंद मावळला. कॅमेरा प्रत्येक चित्राची वेळ टिपून ठेवतो. सुराच्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत अकरा सेकंद गेले होते. त्या अकरा सेकंदांत ती पालथी पडली होती, उठून बसली होती, ढोपरातून रक्त येत होते, आणि आम्ही तिचे शिक्षक तीस मीटरवर बसून बटण दाबीत होतो. तिचा चेहरा मैदानावर आमच्याइतक्या जवळून कोणी पाहिला नसेल. शेवटच्या चित्रात चौकटीच्या कडेने एक हात आत आला आहे. तो निसटलेल्या त्या पळणारीचा. ती परत फिरली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही चित्रे त्या मुलीपुढे ठेवली. सुराचे चित्र तिने बराच वेळ पाहिले.

"सर, मी एक पाऊल आधीच उडी घेतली," ती म्हणाली. "हे छापू नका. मला घरी न्यायला द्या."

"आणि बाकीची?"

तिने शेवटच्या चित्रावर बोट ठेवले. "हे छापा. ती मुलगी चांगली आहे."

विद्यार्थिमित्रहो, क्रीडाविभागात जे छायाचित्र तुम्हांला अस्पष्ट दिसेल, ते हेच. त्या क्षणी कॅमेरा अखेर आमच्या हातून खाली येत होता. म्हणून तो मदतीचा हात पुसट झाला आहे. दोष भिंगाचा नव्हे. ते आम्ही धन्यवादपूर्वक परत केले आहे. पुढील वर्षी ते पुन्हा मिळेल, असे आश्वासन आहे. तेव्हा आम्ही काठीबरोबर मलमपट्टीची पेटीही घेऊन बसणार आहोत, आणि तीस मीटरवर नव्हे, खांबाच्या थोडे जवळ.