चुण्या

प्रिय सई,

परवा फोनवर म्हणालीस, "मामा, मेकॅनिकल घेतलं ते चुकलंच. आजीसाठी डॉक्टर व्हायला हवं होतं." तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि बोलणं राहिलं. (हल्ली गॅसपाशी मीच उभा असतो.)

एलन कूल हे नाव लिहून ठेव. बाई जर्मन. २००० साली स्टुटगार्टहून सिव्हिलमध्ये डॉक्टरेट केली, तीही माती-वाळूच्या जातीच्या पदार्थांच्या गणितावर. २००७ पासून स्टॅनफर्डच्या मेकॅनिकल विभागात. तिथे हृदय, त्वचा आणि मग मेंदू. वाट वाकडी दिसते, पण हत्यार तेच, फायनाइट एलिमेंट, म्हणजे वस्तूचे बारीक तुकडे पाडून गणित सोडवणं. सबमिशनच्या आदल्या रात्री मेश बिघडला म्हणून तू रडतेस ना, तेच.

मेंदू हाताला खरवसासारखा मऊ. गर्भात पाचव्या महिन्यापर्यंत तो बराचसा गुळगुळीत असतो. पुढे बाहेरचा थर आतल्यापेक्षा भराभर वाढतो, जागा पुरत नाही आणि वळ्या पडतात. तुझी झबली शिवताना आजी हेच करायची. लांब कापड आखूड पट्टीला जोडलं, की चुण्या आल्याच. हार्वर्डच्या एल. महादेवन यांच्या गटाने २०१६ साली गर्भाचा गुळगुळीत मेंदू जेलमध्ये घडवून द्रावणात बुडवला. वरचा थर फुगला आणि खऱ्यासारख्या वळ्या उमटल्या. महादेवन आयआयटी मद्रासचे, इंजिनिअरच!

आता आजीचं दुखणं. अल्झायमरमध्ये टाऊ नावाचं प्रथिन बिघडतं आणि शेजारच्या चांगल्या टाऊलाही बिघडवतं. चमचाभर विरजण घमेलंभर दुधाला लागावं, तसं. वर ते मज्जातंतूंच्या वाटेने दूरवर पोचतं. कुठून कुठे, हा क्रम ब्राक दांपत्याने १९९१ मध्ये मृत्यूनंतरच्या मेंदूंवरून लावला होता. कूल, वाइकेनमायर आणि ऑक्सफर्डचे गोरिएली यांनी २०१८ मध्ये त्यासाठी १९३७ चं एक जुनं समीकरण मेंदूच्या आकारावर चालवलं. मुळात ते लोकसंख्येत जनुक कसं पसरतं यासाठीचं. त्यात पदं दोनच. एक पसरण्याचं, दुसरं विरजण लागण्याचं. सुरुवात आठवणींच्या भागापाशी करून दिली, की पुढचा क्रम ब्राक यांच्यासारखाच येतो.

याने कुणाची आजी बरी झालेली नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण रोग पुढे कुठे आणि कधी पोचेल याचा अंदाज बांधता आला, तर औषध लागू पडतंय का हे ताडायला काहीतरी हाती येतं. ते काम तुझ्या शाखेचं आहे. शाखा बदलायचा अर्ज फाडून टाक.

आणि रविवारी ये. मशीनमध्ये दोरा ओवणं आजीला जमत नाही आता, चुण्या मात्र अजून सारख्या घालते. तुला तुझ्या आईच्या नावाने हाक मारेल. ओ दे.

तुझा,
मामा