आजीचे तोडे आणि माझी शाई

परवा सुट्टी काढून गावी गेलो होतो. तोरण्याच्या पायथ्याला आमचं गाव. सरकारदरबारी तालुका आता राजगड झालाय, आमच्या तोंडी मात्र अजून वेल्हंच. खिशात पातळ पिवळ्या फिल्मचा एक तुकडा होता. त्यावर छापलेल्या चांदीच्या दोन रेघा, एक बटण सेल आणि एक चिमुकला लाल दिवा.

आजीने दिवा लागलेला पाहिला आणि थेट विचारलं, "ह्यात चांदी किती रं?"

हा प्रश्न साधा नव्हता. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीचा पहिला हप्ता आजीच्या वीस तोळ्यांच्या तोड्यांतून भरला होता. भोरच्या सराफाकडे मीच तिच्याबरोबर गेलो होतो. तोडे काट्यावर चढले तेव्हा ती पाठ फिरवून रस्त्याकडे बघत होती. आणि आता मी पोटासाठी करतो काय, तर चांदी शिंपडतो!

शाई म्हणजे द्रावणात तरंगणारे चांदीचे कण, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या हिशोबात मोजायचे. एकमेकांना चिकटू नयेत म्हणून प्रत्येकावर सेंद्रिय पदार्थाचं पातळ आवरण. बाटलीत ही शाई चांदीसारखी दिसतच नाही, काळपट तपकिरी दिसते. प्रिंटरचा थेंब दहा पिकोलिटरचा, म्हणजे एका मिलिलिटरचे दहा कोटी थेंब. चांदी वितळायला ९६१ अंश लागतात, पण इतक्या बारीक कणांचे पृष्ठभाग दीड-दोनशे अंशांतच एकमेकांत मिसळू लागतात. भट्टीत आवरण जळतं, कण जुळतात, रेघ चमकते आणि वीज वाहू लागते. ते चमकणं पाहायला मी अजूनही काचेला नाक लावून उभा राहतो.

बाकी त्रासच फार. नोझल तुंबतं. थेंब वाळताना कडा आधी सुकते, आतलं द्रावण कडेला धावतं आणि कणही घेऊन जातं. बशीत सांडलेल्या चहाचा डाग काठाला गडद असतो ना, तसंच. मधे चांदी विरळ, रेघ बाद. पहिले दोन महिने मी फक्त असे डाग छापले.

आजीला हे सगळं कुठे सांगू? पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी कडुनिंबाच्या पानांच्या काढ्यातून चांदीचे असे कण बनवले होते, २००४ साली तो शोधनिबंध आला, हे सांगितलं. ते तिला पटलं. कडुनिंबाने काहीही होतं, असं तिचं मत आहेच.

मग हिशोब सांगितला. दोन्ही रेघांत मिळून चांदी जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. तुझ्या तोड्यांत असे चार लाखांवर दिवे झाले असते.

"मंग वाया किती घालवलीस?"

मी गप्प. तिने तुकडा नोटेसारखा घडी करून चंचीत ठेवला. घडीवर रेघ तडकली, दिवा गेला. मी ओरडणार तेवढ्यात म्हणाली, "सराफाच्या दारचा केर झारेकरी धुऊन न्यायचे. तुमच्यात हाय का कुणी?"

आहे. टेबलाखाली बाद तुकड्यांचा एक डबा आहे. चांदी परत काढायची म्हणून साठवलेला, दोन वर्षं तसाच पडलेला. सोमवारी आधी तो उघडायचा आहे.