ऐंशी मिनिटांचा तास

इंदूरच्या आमच्या घरात शाळेच्या पिरियडला अजून ‘तास’च म्हणतात. मी नववीत गेलो तेव्हा शाळेने ४० मिनिटांचे दोन पिरियड जोडून ८० मिनिटांचा एक केला. आजी म्हणाली, “आता कुठे तो खरा तास झाला!” सगळे हसले. माझं मात्र तिथूनच बिनसलं.

गणिताला पहिली वीस-पंचवीस मिनिटं माझं लक्ष फळ्यावर असायचं. मग पंखा, खिडकीबाहेरची खार, पुढच्या मुलाच्या कॉलरवरचा शाईचा डाग. परत फळ्याकडे पाहावं तर प्रमेय अर्ध्यावर आलेलं. पूर्वी घंटा वाजायची, विषय बदलायचा, नव्याने सुरुवात करता यायची. आता पुढची पन्नास मिनिटं तसंच बसायचं. पाय हलायचा, पेन वाजायचं आणि माझी रवानगी वर्गाबाहेर. सहामाहीत ८० पैकी ११. “डोकं आहे, पण करायचंच नाही,” हे इतक्यांदा ऐकलं की मलाही ते खरं वाटू लागलं. बाबांनी तर आठवडाभर अबोला धरला.

शेवटी मावशीच्या सांगण्यावरून आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं मागितली. एडीएचडी म्हणायचं तर काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून हवीत आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. आईने ट्रंक उघडली. दुसरी : ‘बहुत बोलता है.’ चौथी : ‘सामान खो देता है.’ सहावी : ‘होशियार है, ध्यान नहीं देता.’ बाबांनी ती पानं दोनदा वाचली. “दर वर्षी खाली सही मीच केली रे,” एवढंच म्हणाले.

पण सगळा दोष लांब तासाचा नव्हता. केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत तीच ८० मिनिटं मला पुरायची नाहीत. डॉक्टर म्हणाले, लक्ष नसतं असं नाही, ते हवं तिथे हवं तेवढा वेळ धरून ठेवता येत नाही. हाताला काम आणि मनाला गोडी असली की ते टिकतं.

हे कळल्यावर गणिताच्या मॅडमनी तासाचे तुकडे केले. वीस मिनिटं शिकवणं, मग वहीत दोन गणितं, मग जोडीने तपासणी. मधे फळा पुसायचं आणि वह्या गोळा करायचं काम माझ्याकडे. मागच्या बाकावरची मुलंही जागी राहू लागली! दहावीला गणितात मला ६१ मिळाले. पेढे बाबांनीच आणले.

तुमच्या घरातही एखादा ‘धांदरट’ भाऊ किंवा बहीण असेल. रागवण्याआधी जुनी प्रगतिपुस्तकं एकदा काढून बघा.