जपून ठेवलेला कॅमेरा

प्रत्येकीच्या कपाटात एक तरी वस्तू अशी असते, की ती वापरवतही नाही आणि टाकवतही नाही. माझ्याकडे बाबांचा कॅमेरा आहे. यशिका मॅट १२४ जी. वर-खाली दोन भिंगांचा. वरच्या भिंगातून बघायचं, खालचं फोटो काढतं. आमच्या लहानपणचे सगळे फोटो त्यातलेच. बाबा गेल्यावर आईनं तो माझ्या हाती दिला. मला तो बघवेना. चामड्याच्या केसमध्ये घातला, वरून प्लॅस्टिकची पिशवी, शेजारी दोन डांबरगोळ्या, आणि कपाटाच्या तळाशी ठेवून दिला. म्हटलं, आता काळजी नाही!

सहा पावसाळे गेले. यंदा आईची सत्तरी. तिचा एक फोटो बाबांच्याच कॅमेऱ्यानं काढावा असं मनात आलं. केस उघडली तर कोंदट वास, आणि भिंगांवर पांढरे ठिपके. काळजात धस्स झालं.

वरून बघितलं तर सगळं धुरकट. हात सवयीचा ना! स्क्रू काढून वरचा भाग उचलला आणि पदरानं आतला आरसा खसाखसा पुसला. त्यावर चांगले दोन ओरखडे उठले. आपल्या घरच्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो. या आरशाचा पुढेच असतो. त्याला नुसती फुंकणीची हवा द्यायची, हे मला नंतर कळलं.

मग मात्र शहाणी झाले आणि कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका काकांना गाठलं. ते म्हणाले, "ताई, डांबरगोळ्या कसरीसाठी. बुरशीला ओल, अंधार आणि कोंडलेली हवा हवी असते. चामडं ओल धरून ठेवतं. तुम्ही तिची सगळी सोय केलीत!"

त्यांनी शिकवलं ते सांगते. आधी रबरी फुग्यानं धूळ उडवायची, नाहीतर धुळीचा कणच काच खरवडतो. मग भिंग पुसायच्या पातळ कागदावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घ्यायचे. थेंब कागदावर, भिंगावर कधीच नाही. कडेनं आत झिरपतात. मधून कडेकडे, गोल गोल, हलक्या हातानं पुसायचं. दर वेळी नवा कागद. आतल्या भिंगांना आपण हात लावायचा नाही. ते काम जाणकाराचं.

बाहेरचे ठिपके गेले. आतली बुरशी काकांनी काढली, पण एक पुसट डाग राहिला. बुरशीतून आम्ल सुटतं आणि ते काचेचा मुलामा खातं. तो डाग कशानंच जात नाही. वेळेवर उघडला असता तर राहिला नसता, ही चुटपुट मला आहे.

आता कॅमेरा केसबाहेर, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह असतो. पुड्या पावसाळ्याआधी बदलते. आणि मुख्य म्हणजे तो वापरते.

१२० नंबरची फिल्म आजही मिळते. एका रोलमध्ये बारा फोटो. पहिला आईचा काढला. फोटो स्वच्छ आला. तो बघून आई एवढंच म्हणाली, "त्यांनी काढल्यासारखा आलाय."

तुमच्याही कपाटात असं काही असेल, तर या पावसाळ्याआधी एकदा उघडून बघा.