बरगडी मऊ कशी होते : एका पदार्थाचा आणि त्यासाठी जागलेल्या रात्रींचा इतिहास

१/
डुकराच्या बरगड्या मंद आचेवर तासन्‌तास शिजवायच्या, वरून आंबटगोड सॉस लावायचा आणि हाताने हाड धरून खायच्या, हा अमेरिकी पदार्थ आता पुण्यामुंबईच्या उपाहारगृहांतही मिळतो. ‘बार्बेक्यू रिब्स’ या नावाने आपण तो ओळखतो. तो घरी करण्याच्या पाककृती पुष्कळ आहेत. मसाल्याचे प्रमाण आणि ओव्हनचे तापमान त्यांत चोख दिलेले असते. या मांसाला मऊ व्हायला जो वेळ लागतो तो इतिहासात कोणी दिला, हे मात्र त्यांत सहसा नसते. आजच्या धाग्यात पाककृती आहे आणि हा प्रश्नही आहे.

२/
आरंभ शब्दापासून करू. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक काठ्यांची उंच चौकट बांधत. तिच्यावर धान्य ठेवत, झोपत आणि खाली विस्तव करून मासे व मांसही भाजत. स्पॅनिशांनी या चौकटीचे नाव ‘बार्बाकोआ’ असे ऐकले आणि सोळाव्या शतकातील इतिवृत्तकार ओव्हिएदो याच्या लेखनात ते नोंदले गेले. या चौकटीवर डुक्कर मात्र नव्हते, कारण आज आपण खातो ते पाळीव डुक्कर मुळात त्या खंडात नव्हतेच. कोलंबसाच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीत ते जहाजातून आले. पुढे १५३९ मध्ये एर्नांदो दे सोतो फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा त्याच्या तांड्याबरोबर डुकरांचा कळप होता. १५४२ मध्ये तो वारला आणि त्याच्या मालमत्तेचा लिलाव झाला. त्या यादीत गुलाम, तीन घोडे आणि सातशे डुकरे होती. अमेरिकेच्या दक्षिण भागात माणसे आणि डुकरे एकाच यादीत मांडण्याची रीत इतकी जुनी आहे.

३/
पुढच्या तीन शतकांत दक्षिणेत तंबाखूचे आणि कापसाचे मळे उभे राहिले आणि त्यांवर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे श्रम आले. फ्रेडरिक डग्लस स्वतः मेरीलँडमध्ये गुलामीत जन्मले. १८४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्यांनी प्रौढ गुलामाचा शिधा नोंदवला आहे : महिन्याला ८ पौंड डुकराचे मांस किंवा तितकीच मासळी आणि एक बुशेल मक्याचे पीठ. आठ पौंड म्हणजे साडेतीन किलोंहून थोडे अधिक. महिनाभर शेतात राबणाऱ्या देहासाठी इतकेच. त्याच मळ्यांवर ४ जुलैला किंवा निवडणुकीच्या दिवसांत मालकांच्या मेजवान्या होत. जमिनीत लांब खड्डा खणून, लाकडाचे निखारे करून, त्यांवर अख्खी जनावरे रात्रभर भाजली जात. खड्ड्याशी उभी असत ती गुलाम माणसे.

४/
त्यांपैकी एकाचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचला आहे. १९३६ ते १९३८ या काळात अमेरिकी सरकारच्या एका लेखक-प्रकल्पाने पूर्वी गुलाम असलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या मुलाखती टिपून घेतल्या. त्यांत दक्षिण कॅरोलायनाचे वेस्ली जोन्स आहेत. मुलाखतीच्या वेळी त्यांनी नव्वदी ओलांडली होती. मेजवानीच्या आदल्या रात्री आपण रात्रभर जागून मांस भाजत असू, असे ते सांगतात. एका लांब काठीला मऊ फडके गुंडाळायचे आणि त्याने मांसाला पुन्हापुन्हा सॉस लावत राहायचे. त्या सॉसचे साहित्यही त्यांना पाठ होते : व्हिनेगर, काळी मिरी, लाल मिरची, मीठ, लोणी, थोडे सेज, धणे, बेसिल, कांदा आणि लसूण. काही जण त्यात चिमूटभर साखर टाकत.

ही यादी मी वाचली तेव्हा धणे, लसूण, मिरी, कांदा अशी आपल्या मिसळणाच्या डब्यातली नावे पाहून क्षणभर आनंद झाला. मग लक्षात आले की नव्वदीतल्या माणसाला जे इतके तपशीलवार आठवते, ते त्याच्या हातांनी किती रात्री केले असेल.

५/
आता मुळातला प्रश्न : रात्रभर का? बरगड्यांमधले स्नायू जनावर जिवंत असेतो प्रत्येक श्वासाबरोबर हलतात. सतत राबणाऱ्या स्नायूत त्याला बांधून ठेवणारे तंतू अधिक असतात. हे तंतू कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे. मोठ्या आचेवर ते आक्रसतात, मांसातले पाणी पिळून काढतात आणि घास चिवट होतो. मांसाचे आतले तापमान ७० अंश सेल्सिअसच्या वर नेऊन तिथे बराच वेळ राहू दिले, तर मात्र हेच कोलॅजन हळूहळू विरघळते आणि त्याचे जिलेटिन होते. मऊ बरगडीचा ओठांना जाणवणारा चिकट ओलावा तो हाच. हे काम आच वाढवून लवकर उरकत नाही. मसाला, सॉस, धूर यांना पर्याय सापडतात. वेळेला सापडत नाही. कमरेजवळचे कोवळे मांस पंधरावीस मिनिटांत होते, म्हणून ते महाग. बरगडीला तास लागतात, म्हणून ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांच्या वाट्याला ती आली.

६/
हे मला पुण्यात मांसाच्या दुकानातही दिसले. बरगड्यांची अख्खी फळी हवी असे सांगितल्यावर दुकानदारकाका म्हणाले, “ताई, हाडांचेच पैसे द्याल. मांडीचं घेऊन जा.” मी बरगड्याच घेतल्या, साधारण सव्वा किलो.

घरी करायचे ते असे. हाडांच्या बाजूला एक पातळ, चकाकता पापुद्रा असतो. सुरीच्या टोकाने एक कडा सोडवून, कागदी रुमालाने धरून तो ओढला की सलग निघून येतो. तो राहिला तर मसाला आत जात नाही आणि खाताना दाताखाली येतो. मग मीठ, मिरपूड, काश्मिरी तिखट, मोहरीची पूड, लसणाची पूड आणि गुळाची पूड एकत्र करून दोन्ही बाजूंना चोळायची आणि फळी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची.

७/
दुसऱ्या दिवशी फळी ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून १३५ अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये अडीच ते तीन तास. छोट्या ओटीजीत फळी मावत नसेल तर मधोमध दोन तुकडे करावेत. उघड्या विस्तवावर मांस भाजताना एक टप्पा असा येतो की आतले तापमान ६५-७५ अंशांच्या आसपास तास-तासभर अडून बसते. पृष्ठभागावरून उडणारी वाफ मांसाला गार करत राहते, जसा घाम आपल्याला करतो. फॉइल ही वाफ कोंडते, म्हणून घरी वेळ वाचतो. खड्ड्याशी उभ्या असलेल्या माणसाकडे फॉइल नव्हते. तो टप्पा त्याला निखारे सरकवत आणि फडके फिरवत काढावा लागे.

झाले की नाही हे पाहण्याची खूण : हाडाच्या टोकापासून मांस साधारण सेंटिमीटरभर मागे सरलेले असते आणि दोन हाडांमध्ये सुरीचे टोक अडथळ्याविना जाते. हाड आपसूक गळून पडू लागले, तर मांस गरजेपेक्षा जास्त शिजले असे तिकडचे जाणकार मानतात.

८/
मळ्यावर तर अख्खे डुक्कर भाजले जाई. मग फक्त बरगड्यांचा वेगळा पदार्थ कसा झाला? उत्तर कारखान्यांत आहे. शीतकरण नव्हते तोवर डुकराचे मांस मीठ लावून लाकडी पिंपांत भरले जाई, आणि हाडकुळ्या बरगड्या त्या व्यापारात अडचणीच्या ठरत. १८६५ मध्ये शिकागोचे ‘युनियन स्टॉक यार्ड्स’ सुरू झाले, १८७१ मध्ये कॅन्सस सिटीचा गुरांचा बाजार उभा राहिला आणि पुढच्या काही दशकांत बर्फाने गार ठेवलेल्या रेल्वेडब्यांतून ताजे मांस देशभर जाऊ लागले. महागडे भाग दूरच्या शहरांत गेले. बरगड्या गावातच स्वस्तात उरल्या. त्याच सुमारास दक्षिणेतून कृष्णवर्णीयांचे उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे स्थलांतर सुरू झाले. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख माणसे दक्षिण सोडून गेली. त्यांनी सामानात फारसे काही नेले नसेल, पण निखारे राखण्याची विद्या नेली.

९/
टेनेसीतील मेम्फिसजवळ जन्मलेले हेन्री पेरी हे असेच एक स्थलांतरित. १९०८ च्या सुमारास त्यांनी कॅन्सस सिटीतल्या एका गल्लीत ओक आणि हिकरीच्या लाकडावर भाजलेले मांस विकायला सुरुवात केली. ग्राहकाला ते वर्तमानपत्रात गुंडाळून मिळे आणि बरगड्यांची फळी २५ सेंटला. १९४० मध्ये ते वारले. व्यवसाय त्यांच्याकडे काम केलेल्या चार्ली ब्रायंट यांच्याकडे आणि नंतर त्यांचे भाऊ आर्थर ब्रायंट यांच्याकडे गेला. आज ‘कॅन्सस सिटी पद्धत’ म्हणून जे जगभर विकले जाते, त्याच्या मुळाशी ही गल्ली आहे.

त्या शहराचा आजचा सॉस दाट, टोमॅटोचा आणि उसाच्या मळीचा असतो. आपल्याकडे काकवी त्याची जागा उत्तम घेते. टोमॅटोची प्युरी, काकवी, व्हिनेगर, तिखट, मिरपूड, मीठ हे दाट होईतो आटवायचे, फळीवर थापायचे आणि २२० अंशांवर दहाबारा मिनिटे, कडा किंचित काळवंडेपर्यंत ठेवायचे. धुराचा वास हवा असेल तर भांड्यात निखारा ठेवून, त्यावर तुपाचा थेंब सोडून झाकण लावावे. हा वास हिकरीचा नसतो, पण धुराची जागा रिकामी राहत नाही.

१०/
आता खड्ड्याशी उभ्या असलेल्या माणसाकडून जेवणाच्या मेजाकडे येऊ. अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये ‘ऑलीज बार्बेक्यू’ नावाचे कौटुंबिक उपाहारगृह होते, १९२७ मध्ये सुरू झालेले. आत २२० जणांची बसायची सोय. कामाला ३६ माणसे, त्यांतली दोन तृतीयांश कृष्णवर्णीय. कृष्णवर्णीय ग्राहकाला मात्र आत बसता येत नसे. त्याने पदार्थ बांधून घ्यायचा आणि निघायचे. ज्या हातांनी मांस शिजवले, त्या हातांच्या धन्यांना तिथेच बसून ते खाता येत नव्हते.

११/
२ जुलै १९६४ रोजी अमेरिकेत नागरी हक्क कायदा झाला आणि अशी मनाई बेकायदा ठरली. मालक न्यायालयात गेले. आमचे दुकान स्थानिक आहे, केंद्राचा आमच्याशी संबंध काय, असा त्यांचा मुद्दा. १४ डिसेंबर १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. त्याचा आधार पाहण्यासारखा आहे. उपाहारगृहाने वर्षभरात घेतलेल्या सुमारे दीड लाख डॉलरच्या मालापैकी ६९,६८३ डॉलरचे, म्हणजे ४६ टक्के, मांस स्थानिक पुरवठादारामार्फत पण मूळ परराज्यातून आलेले होते. आंतरराज्य व्यापाराचे नियमन हा अमेरिकी संसदेचा अधिकार. म्हणून कायदा वैध आणि मनाई रद्द.

माणसाला मेजावर बसता येण्याचा हक्क शाबीत झाला तो मांसाच्या खरेदीच्या हिशेबावरून. मांसाने राज्याची सीमा ओलांडली होती, म्हणून माणसाला दरवाजा ओलांडता आला.

१२/
हा निकाल वाचताना महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला आपला इतिहास आठवणे अटळ आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ चे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामीच्या निर्मूलनासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केले होते. ऑलीज बार्बेक्यू उघडले त्याच १९२७ साली, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओंजळीत घेतले. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. प्रश्न मात्र सारखा होता : जे सर्वांसाठी खुले म्हणवते, तिथे माझ्या हाताला मज्जाव का?

आपल्या राज्यघटनेने याचे उत्तर देताना व्यापाराचा आडमार्ग घेतला नाही. कलम १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि पाणवठे यांची नावे घेऊन धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून होणारी मनाई नाकारली, आणि तीही १९५० मध्ये, अमेरिकी कायद्याच्या चौदा वर्षे आधी. कायदा लिहिला गेला तरी चहाच्या टपरीवर कोपऱ्यात निराळा ठेवलेला कप अनेक गावांत पुढेही राहिला. घटनेचा शब्द आणि मेजावरची जागा यांत किती अंतर असू शकते, हे त्या कपाला माहीत होते.

१३/
म्हणून मला हा पदार्थ उपाहारगृहात मागवण्यापेक्षा घरी करणे महत्त्वाचे वाटते. मागवलेल्या ताटात वेळ दिसत नाही. घरी साफसफाई, चोळणे, रात्रभर मुरवणे, तीन तासांची आच आणि मग सॉस या सगळ्याला आपले स्वतःचे तास मोजावे लागतात, आणि शेवटी सुरीचे टोक सहज आत जाते तेव्हा त्या मऊपणाची किंमत हाताला कळते. इतिहासाच्या पुस्तकात ‘श्रम’ हा शब्द मी असंख्य वेळा वाचला आहे. त्याचा मंद आचेवरचा अर्थ मला स्वयंपाकघरात समजला.

आणखी एक गोष्ट. आमच्या घरी सणावाराला पुरुषांची आणि मुलांची पंगत आधी उठते, स्वयंपाक करणाऱ्या बायका नंतर बसतात, तोवर भाजी निवलेली असते. याला कोणी मनाई म्हणत नाही, रीत म्हणतात. मैत्रिणींसोबत बरगड्या केल्या त्या दिवशी आम्ही एवढेच ठरवले की ओव्हन बंद झाल्याशिवाय ताटे घ्यायची नाहीत, आणि पहिली बरगडी शिजवणारीच्या ताटात पडेल. तुम्ही कराल तेव्हा हे करून पाहा. बरगड्या पाचदहा मिनिटे थांबल्याने बिघडत नाहीत. उलट रस आत मुरतो आणि त्या अधिक चांगल्या लागतात.